चाळीस वर्षांचा संसार आवरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमधली आमची इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा सासूबाईंचा एकेचाळीस वर्षांचा संसार अडीच महिन्यांत हलवायचा होता. दोन माळे, तीन पलंगपेट्या, एक लोखंडी ट्रंक, आणि बाल्कनीतलं ते कपाट, ज्याचं दार कोणी उघडायचं नाही असा घरात अलिखित नियम होता. आमचं झाल्यावर शेजारच्या दोन इमारतींची पाळी आली आणि जिन्यात, भाजीवाल्याकडे, फोनवर तेच तेच प्रश्न येऊ लागले. ते एकदाच लिहून ठेवते. उत्तरांतले पत्ते पुण्याचे आहेत, पण माळे सगळीकडे सारखेच.

सुरुवात कुठून करायची? माळ्यापासून ना?

सगळे तिथूनच करतात. आम्हीही केली आणि तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. माळ्यावरचं खाली आलं, पण खालून पुढे कुठेच गेलं नाही. चौथ्या दिवशी पाहुणे येणार म्हणून ते सगळं परत वर चढलं.

म्हणून आधी सामानाला हात लावूच नका. एक कागद घ्या आणि सामान बाहेर जायच्या वाटा लिहा: रद्दीवाला, भंगारवाला, बोहारीण, ई-कचरा नेणारे, कपडे घेणारी संस्था, ग्रंथालय, गावाकडचे दीर, कामाला येणाऱ्या मावशी. प्रत्येकापुढे फोन नंबर आणि कुठल्या वारी येतात ते. जुन्या वस्तूंवर माया असते म्हणून त्या घराबाहेर जात नाहीत, असं आपण म्हणतो. मी जे पाहिलं ते वेगळं होतं. सासूबाईंना दहातल्या सात वस्तू द्यायच्याच होत्या, फक्त ‘कोणाला?’ याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. ते मिळालं की त्या स्वतःच वस्तू काढून दाराशी ठेवायला लागल्या.

कागद तयार झाल्यावर मग जिथे भांडण होणार नाही तिथून सुरू करा. न्हाणीघर, चपलांचा स्टँड, औषधांचा डबा. स्वयंपाकघर मध्ये घ्या, फोटो अगदी शेवटी.

पसारा आणि अडगळ एकच ना?

नाही, आणि दोन्हीचं औषध वेगळं आहे. पसारा रोजचा असतो, वापरातल्या वस्तूंचा. तो रोज पंधरा मिनिटांत आवरतो आणि रोज पुन्हा होतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. अडगळ म्हणजे वापर संपूनही घरात राहिलेली वस्तू. आवरायला म्हणून सुट्टी काढता आणि संध्याकाळी घर तसंच दिसतं, कारण दिवसभर तुम्ही पसारा आवरलेला असतो.

आई म्हणते, ‘पडून राहिलं तर काय खायला मागतंय का?’ तिला कसं समजवायचं?

समजवू नका. ज्या पिढीने रेशनच्या रांगा पाहिल्या, रॉकेलचा डबा जपून वापरला, तिच्या दृष्टीने ते वाक्य बरोबरच आहे. वस्तू तेव्हा महाग होती आणि जागा स्वस्त. आता उलट झालंय.

आमच्याकडे दोन गोष्टी कामी आल्या. पहिली, ‘टाकायचं का?’ हा शब्दच बंद केला. ‘हे कोणाला होईल?’ असं विचारलं. दुसरी, त्यांच्या वस्तूंचा निर्णय त्यांचाच, मग तो मला कितीही पटला नाही तरी. दुपारी त्या झोपल्या असताना नवऱ्याने एकदा गुपचूप जुनी इस्त्री भंगारात घातली. ती कोळशाची होती, वर्षानुवर्षं कोणी वापरली नव्हती. पण संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं आणि पुढचे आठ दिवस एकही वस्तू हलली नाही.

तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालावीत का?

आधी वेगळी करा. तांबं, पितळ, अॅल्युमिनियम, स्टील आणि लोखंड असा मोडीचा भाव उतरत जातो, आणि सगळं एका पोत्यात भरून दिलंत तर भंगारवाला सगळ्याला खालचाच भाव लावेल. आमच्या माळ्यावर दोन हंडे, एक घंगाळ, कळशी, तपेली-सतेलींचा ढीग आणि पाण्याचा बंब होता. बंबात कोळशासाठी लोखंडी जाळी असते. ती काढूनच वजन करा, नाहीतर तिच्या नावाखाली घट मनाला येईल तेवढी धरली जाते. घरच्या काट्यावर आधी वजन करून कागदावर लिहून ठेवलं की समोरचाही नीट बोलतो.

मोडीत घालण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: हे वापरता येईल का? पितळेच्या पातेल्यात स्वयंपाक करायचा तर कल्हई हवी, कारण ताक, चिंच, आमसूल यांची धातूवर प्रक्रिया होते. कल्हईवाले पूर्वीसारखे दारावर येत नाहीत, पण पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून ठोके ऐकू येतात, तिथे चौकशी करता येते. आम्ही एक कळशी आणि एक पातेलं ठेवलं. घंगाळात आता कमळ आहे, हे मी अभिमानाने सांगत नाही, इंस्टाग्रामवरच्या प्रत्येक घरात ते तसंच असतं.

‘पुढे किंमत येईल’ म्हणून ठेवणाऱ्यांसाठी: पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एकदा जाऊन या. काकासाहेब केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, भांडी, दारं अशा घरगुती वस्तूच जमवल्या, हजारोंनी. तिथले अडकित्ते पाहिले की आपल्या माळ्यावरचा कुठे बसतो ते कळतं. माझा कुठेच बसला नाही.

भांड्यांवर नावं कोरलेली आहेत. ती कशी देणार?

हा प्रश्न फक्त आपल्याकडेच पडत असावा. ‘चि. अमुकच्या मुंजीप्रीत्यर्थ’, तारीख, आणि देणाऱ्या काकूंचं नाव. त्या काकू आता नाहीत, मुंज झालेला मुलगा पन्नाशीचा आहे आणि तांब्या मात्र नवा कोरा. आम्ही अशी सगळी भांडी जमिनीवर मांडली आणि रविवारी घरच्यांना बोलावलं. ज्याच्या नावाचं भांडं, त्याला पहिला मान. निम्मी तिथेच गेली. उरलेल्यांवरची नावं वाचून दाखवताना सासूबाईंनी ज्या गोष्टी सांगितल्या, त्या फोनवर रेकॉर्ड करून घेतल्या. मग भांडी जवळच्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेली. नावासकट. जेवणाऱ्या मुलींना काहीही फरक पडत नाही.

जुन्या साड्या बोहारणीला देऊ का?

रोजच्या वापरातल्या सिंथेटिक साड्या जरूर द्या. त्या बदल्यात मिळणारं घमेलं मात्र घेऊ नका, नाहीतर एक अडगळ देऊन दुसरी घेतली असं होतं. पैसे मागा, नाहीतर तशाच द्या. तिचं पोट त्यावरच आहे.

जरीची साडी देण्याआधी थांबा. खरी जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. जुने शालू, पैठण्या फाटल्या तरी त्यांच्या काठापदरात चांदी असते, आणि ती काढून घेणारे व्यापारी असतात. ‘जुन्या जरीच्या साड्या घेतो’ म्हणत दारावर येणारे तेच. दोन दुकानांत विचारल्याशिवाय देऊ नका. आमच्या शेजारणीने आजेसासूबाईंचा शालू एका प्लास्टिकच्या बादलीवर दिला होता. बादली फुटलीसुद्धा.

सुती साड्यांची गोधडी होते. मऊ झालेलं सुती लुगडं गोधडीला उत्तम, नवीन कापड तसं बसत नाही. शिवून देणाऱ्या बायका पुण्यात आणि आसपासच्या गावांत सहज मिळतात. पण किती गोधड्या? आम्ही माणशी एक ठरवली आणि बाकी कपडे धुऊन, घड्या घालून ‘गूंज’कडे पाठवले. १९९९ पासून ही संस्था कपडे गोळा करते. गावातल्या लोकांनी विहीर, रस्ता, तळं असं गावाचंच काम करायचं आणि मोबदल्यात कपडे, सामान घ्यायचं, अशी त्यांची पद्धत आहे. त्यामुळे फाटकं, डागाळलेलं पाठवू नका. ते फरशी पुसायला.

हळदीकुंकवाची वाणं आणि ओटीचे ब्लाऊजपीस यांचं काय करायचं?

आमच्या कपाटात ब्लाऊजपीस निघाले ६३. त्यातले अकरा एकाच रंगाचे, तोच तो पोपटी, जो कोणी कधीच शिवत नाही. हे कापड शिवण्यासाठी नसतंच, ते ओटीतून ओटीत फिरत राहतं. मग फिरू द्या. शिवणवर्गाला द्या, तिथे नवशिक्या मुलींना कापायला कापड लागतंच. आमचे गेले आणि त्यांच्या पिशव्या शिवून आल्या.

वाणाची गोष्ट जरा नाजूक. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत प्रत्येक घरातून एक प्लास्टिकचा डबा, गाळणी, साबणदाणी येते, आणि आपणही तेच लुटतो. घेणं थांबवता येत नाही, कारण वाण नाकारणं म्हणजे बाईलाच नाकारणं. आपण काय देतो ते मात्र आपल्या हातात असतं. संपणारी वस्तू द्या: गूळ, तिळाची चटणी, हळकुंडं, रोपं, उदबत्ती. मी गेली तीन वर्षं कढीपत्त्याची रोपं देते. काही मरतात. मरू देत.

कागदपत्रं किती वर्षं ठेवायची?

इथे घाई केलीत तर महागात पडेल, म्हणून जरा सविस्तर.

कधीच न टाकायचे कागद: खरेदीखत, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सात-बारा आणि फेरफार, मृत्युपत्र, वारसदाखला, जन्म-मृत्यूचे दाखले. पुनर्विकासाच्या वेळी यातलं काहीतरी हमखास मागतात, आणि ते हमखास सापडत नाही.

आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली नक्कल, जुनं सेवापुस्तक यांना तर हातच लावू नका. महाराष्ट्रात जात पडताळणीसाठी ठरावीक तारखेआधीचे पुरावे लागतात: अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आज तुम्हाला त्याची गरज नसेल, पण चुलतभावाच्या मुलीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी तोच पिवळा कागद शोधत यावं लागेल. झोपडपट्टी पुनर्वसनातही तसंच. मोफत घरासाठी १ जानेवारी २००० पूर्वीपासून तिथे राहत असल्याचा पुरावा लागतो, आणि तिथे जुनं वीजबिल म्हणजे सोनं.

कागदी शेअर सर्टिफिकेट सापडली तर रद्दीत टाकू नका. १ एप्रिल २०१९ पासून ती कागदावर दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, डिमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात करून घ्यावी लागतात. जुनी पासबुकंही आधी तपासा. दहा वर्षं पडून असलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात, पण खातेदार किंवा वारस त्या परत मागू शकतात, आणि २०२३ पासून ‘उद्गम’ पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं. सासऱ्यांचं एक खातं आम्हाला असंच सापडलं. रक्कम फार नव्हती, आनंद बराच झाला.

प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि पुरावे मी आठ वर्षांचे ठेवते. वीज, फोन, गॅसची बिलं एक वर्षाची. फ्रीजची वॉरंटी संपली, फ्रीजही गेला, पुस्तिका मात्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सुखरूप, असं तुमच्याकडेही असेलच. आधार, पॅन, खाते क्रमांक असलेले कागद फाडून मगच रद्दीत घाला.

साडीच्या घडीत जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा निघतात. नोटाबंदीनंतरच्या २०१७ च्या कायद्यानुसार अशा दहापर्यंतच नोटा जवळ ठेवता येतात, त्याहून जास्त ठेवल्यास दंड. आमच्याकडे दोन निघाल्या. एक नातवाने घेतली.

ट्रंकेत मोडी लिपीतले कागद आहेत, कोणालाच वाचता येत नाहीत.

मग रद्दीत तर मुळीच नको. सावकारी पावती असेल, शेताची वाटणी असेल, नाहीतर नुसता किराण्याचा हिशेब. आधी फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा. पुण्यात १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथे अशा कागदांची कदर असते. लॅमिनेशन करू नका आणि सेलोटेप लावू नका, त्याने कागद कायमचा बिघडतो.

पुस्तकं आणि दिवाळी अंक?

१९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, त्यानंतरचे बहुतेक सगळे आमच्या पलंगपेटीत असावेत असं पहिल्या दिवशी वाटलं. खरं म्हणजे चोवीस वर्षांचे होते. ग्रंथालयं सरसकट घेत नाहीत, त्यांच्याकडेही जागा नाही. यादी करून फोटो पाठवा, हवं ते ते सांगतील. अभ्यासाची आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जातात. कसर लागलेलं पुस्तक कोणालाही दान करू नका. त्यांच्या कपाटात कसर देऊन आपण पुण्य कमावत नाही.

देवांचे जुने फोटो, भंगलेल्या मूर्ती टाकायला मन होत नाही.

म्हणूनच त्या पिंपळाखाली जातात आणि पावसात भिजत पडतात. फोटोची फ्रेम आणि काच वेगळी करा, ती भंगारात चालते. कागद बादलीत भिजवून लगदा करा आणि कुंडीतल्या मातीत मिसळा. शाडूची मूर्तीही तशीच. धातूचे देव तांबटाकडे किंवा सोनाराकडे वितळवायला देता येतात. आमच्या गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, ‘नमस्कार करून निरोप द्या, म्हणजे झालं. ते तुमच्याआधी मोकळे होतील.’ लग्नपत्रिकांवरचे गणपती मात्र मी कात्रीने कापून ठेवत नाही. ते सासूबाईंचं खातं आहे.

बंद पडलेले मोबाइल, चार्जर, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं?

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि उत्पादकांवर जबाबदारी आहे, पण प्रत्यक्षात तुम्हालाच फोन करावा लागतो. नोंदणीकृत संकलकाकडेच द्या. साध्या भंगारात गेलं की तांब्यासाठी वायरी जाळतात. फोन देण्याआधी सिम, मेमरी कार्ड काढा आणि आतला सगळा डेटा पुसा. ट्यूब, सीएफएल आणि जुना थर्मामीटर यांत पारा असतो, ते न फुटता वेगळे द्या. इन्सुलिनच्या सुया झाकणाच्या घट्ट डब्यात भरून वर लिहा. तो कचरा हाताने वेगळा करणारं कोणीतरी आहे. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे आणि ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था त्यातूनच उभी राहिली. आमच्या गल्लीतल्या ताईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं की महिनाभर आमच्याकडून जास्त येईल. त्यांनी हातगाडी थेट खाली आणली, आणि कशाला काय भाव येतो तेही नीट समजावलं.

श्रीखंडाचे डबे?

चार ठेवा. झाकणासकट चार. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तरी पिशव्यांनी भरलेली पिशवी प्रत्येक दाराच्या मागे अजून लटकते आहे, तिचंही तेच करा.

फोटोंचे अल्बम?

शेवटी घ्या असं म्हटलं, कारण ते काम नाही, ती बैठक आहे. एका दुपारी चहा करून सगळ्यांनी बसावं. ज्या फोटोतलं एकही माणूस कोणालाच ओळखू येत नाही, तो जाऊ द्यावा. ओळखू येणाऱ्यांच्या मागे पेन्सिलीने नावं लिहावीत, बॉलपेनने नाही, शाई पुढच्या बाजूला उमटते. डोंगर, धबधबे, आणि बोट दाखवून उभे असलेले मामा यांचे एकसारखे सतरा फोटो असतील, तर एक पुरे.

नवीन घर पुन्हा भरू नये म्हणून काय करता?

फारसं काही नाही. माळा केलाच नाही. सुताराने दोनदा विचारलं, वरची जागा वाया जाईल म्हणाला. जाऊ दे म्हटलं. नवरात्राआधी अंथरूण-पांघरूण धुवायला काढतो तेव्हाच कपाटंही एकदा रिकामी करतो, वेगळा मुहूर्त शोधत नाही. वाणसामान महिन्याचं न आणता पंधरा दिवसांचं आणते. ‘एकावर एक फ्री’चं दुसरं पाकीट तिथल्या तिथे कोणाला द्यायचं ते ठरत नसेल तर पहिलंही घेत नाही. आमंत्रणपत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ छापलं तरी लोक आणतातच, त्याचा इलाज सापडलेला नाही.

काही दिल्याचा पश्चात्ताप झाला का?

झाला. पुरणयंत्र. पितळी, जड, तीन जाळ्यांचं. मिक्सर आहे की, म्हणून मावशींना देऊन टाकलं. होळीच्या आदल्या दिवशी मिक्सरने पुरणाचा चिकट गोळा केला आणि सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, जे बोलण्यापेक्षा वाईट. मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, ‘उद्या डाळ शिजवून ठेवा वहिनी, घरी नेऊन वाटून आणते.’ दोन वर्षं झाली. होळीला डाळ त्यांच्याकडे जाते, पुरण आमच्याकडे येतं आणि जाताना पोळ्यांचा डबा जातो.